नवं बांधलेलं टर्बो इंजिन, व्हॅक्यूम मात्र साडेअकराच्या वर जाईना

गंजका पाना

मंडळी, तीन रविवार स्वतःचं डोकं खाजवून झालं, आता तुमच्याकडे आलोय.

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, वर दोन कॅम, टर्बो. हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिन उतरवलं, आणि उतरवलंच आहे तर सगळंच करून टाकू म्हणून पूर्ण उघडलं. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. हेडला फेसिंग, सीट कापून व्हॉल्व्ह लॅप केले. गॅस्केटं, टायमिंग बेल्ट, टेन्शनर सगळं नवं. कॅम मूळचेच, रेसवाले नाहीत. टर्बोही जुनाच, पण शाफ्टला खेळ नाही. कंप्रेशन रेशो ८.५. इंजेक्शन मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालतं, हवेचं मीटर नाही. इग्निशनचा सेन्सर कॅमच्या टोकाला आहे, तो बोल्ट सैल करून थोडा फिरवला की टायमिंग मागंपुढं होतं.

पहिल्याच सेल्फला सुरू झालं. तेलाचा दाब छान, धूर नाही, खडखड नाही. पण आयडलला (पाय न देता), ९०० आरपीएमला, गेज व्हॅक्यूम, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी ते, साडेअकरा इंच पारा दाखवतं. काटा एकदम ठाम, जराही थरथरत नाही. इंजिन उघडण्याआधी याच गेजवर अठरा-साडेअठरा असायचं. ब्रेकचं पेडल जड लागतंय. रेस केलं तर इंजिन फिरतं, पण आळसावल्यासारखं. मी समुद्राजवळच राहतो, त्यामुळे उंचीचाही प्रश्न नाही.

टायमिंग लाइटनं बघितलं, स्पार्क टॉपच्या (पिस्टन अगदी वर पोचण्याच्या) १० अंश आधी, पुस्तकात आहे तेवढंच. हवेची गळती शोधायला कार्ब क्लीनर सगळीकडे मारून पाहिला, आरपीएम हलला नाही. आणि हो, बेल्टच्या खुणा तीनदा बघितल्यात. कृपा करून 'बेल्ट बघा' सांगू नका.

तेलकट बाही

रिंगा बसायला वेळ लागतो हो. पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप वर येईल. फक्त नुसतं आयडलवर तासन्‌तास ठेवू नका, नव्या इंजिनाला ते वाईट. रिंगांना बोअरवर दाबायला सिलिंडरात लोड लागतो. तो नसेल तर बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग रिंगा बसतच नाहीत.

इंचपट्टी

आयडलबद्दलचं बरोबर, पण रिंगांवर सात इंचांचं खापर फोडू नका. न बसलेल्या रिंगांनी एखादा इंच जाईल. साडेअकरा आणि साडेअठरा हा फार मोठा फरक आहे.

पानाभाऊ, आधी गेजवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा. बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, दाखवणाऱ्या गेजची व्हॅक्यूमची बाजू पुष्कळदा अंदाजपंचे असते. तुमच्याकडे मॅप सेन्सर आहे ना? स्कॅनर लावा. इंजिन बंद, चावी चालू असताना मॅप किती, आणि आयडलला किती, ते लिहा. समुद्रसपाटीला हवेचा दाब २९.९२ इंच पारा, म्हणजे १०१.३ किलोपास्कल. एक इंच म्हणजे ३.३९ किलोपास्कल. वजाबाकी तुम्हीच करा. दर ३०० मीटर उंचीला साधारण इंचभर कमी होतो, पण तुम्ही म्हणता तसा तो मुद्दा इथे नाही.

गंजका पाना

चावीवर १०१, आयडलला ६२.

इंचपट्टी

३९ किलोपास्कल, म्हणजे साडेअकरा इंच. गेज खरं बोलतंय. सुस्थितीतल्या इंजिनात आयडलला मॅप ३० ते ४० च्या दरम्यान असतो. आणि टर्बो आहे म्हणून कमी असेल असं कोणी म्हणायच्या आत सांगतो: आयडलला टर्बो बूस्ट देत नाही. थ्रॉटल बंद असताना टर्बोचं इंजिन आणि बिनटर्बोचं इंजिन सारखंच वागतं.

काळा धूर

टर्बो गाड्यांत गळतीच्या जागा दुप्पट, म्हणून आधी तेच बघावं असं माझं मत. फक्त एक भान ठेवा. थ्रॉटलच्या आधीची गळती, म्हणजे इंटरकूलर, त्याचे पाइप, होजच्या क्लॅम्पा, यानं बूस्ट जाईल पण आयडलचा व्हॅक्यूम जाणार नाही. तुम्हाला हवी ती गळती थ्रॉटलच्या पुढची: इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा व्हॉल्व्ह), फ्युएल रेग्युलेटरची नळी, बूस्ट गेजची टी, ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची बारीक नळी. त्या ब्लो-ऑफचा पडदा फाटला असेल तर तीच नळी आतून हवा ओढते आणि बाहेरून काही दिसत नाही. माझ्या गाडीत हेच होतं, दोन महिने मी मॅनिफोल्डचं गॅस्केट बदलत बसलो होतो.

कार्ब क्लीनर सोडा. मॅपवाल्या गाडीत हवा कुठूनही आत आली तरी ती मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते आणि पेट्रोल त्या हिशेबानं पडतं, म्हणून मिश्रण फारसं बिघडत नाही आणि स्प्रेचा परिणाम नीट कळत नाही. त्यापेक्षा इनटेकमध्ये धूर भरा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघा.

गंजका पाना

आज धूर सोडला. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडातून बारीक रेघ निघाली. काढून बघितलं तर ओ-रिंग बसवताना चिमटली होती, कडेला नखाएवढा तुकडा निघालेला. नवी घातली, तेलाचं बोट फिरवून बसवली. बाकी कुठे काही नाही, ब्लो-ऑफचा पडदाही धडधाकट.

आता बारा. मॅप ६०. म्हणजे अर्धा इंच सापडला, साडेसहा अजून हरवलेले आहेत.

इंचपट्टी

मग गळतीचा विषय आज कायमचा मिटवून टाका. इंटरकूलरचा पाइप थ्रॉटल बॉडीवरून काढा. तुमची मॅपवर आहे, पाइप नसतानाही आयडल होईल. सगळ्या व्हॅक्यूम नळ्या मॅनिफोल्डपासून काढून टोपणं लावा, ब्रेक बूस्टरचीसुद्धा. इंजिन चालू असताना थ्रॉटलचं तोंड जाड रबराच्या तुकड्यानं आणि फळीनं पूर्ण बंद करा. आयडल व्हॉल्व्हची हवा वेगळ्या नळीतून येत असेल तर तीही. हात लावू नका, आणि टर्बोच्या तोंडाजवळ तर हात, बाही, फडकं काहीच नको. इंजिन लगेच बंद पडलं तर दुसरीकडून हवा येत नाहीये. घरघरत चालू राहिलं तर अजून भोक आहे.

गंजका पाना

टिचकी मारल्यासारखं बंद पडलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा.

तेलकट बाही

माझी रिंगांची पुंगी अजून वाजतेय बरं का.

काळा धूर

वाजवा. पानाभाऊ, कंप्रेशन घ्या. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल आणि स्पार्क बंद, बॅटरी भरलेली, प्रत्येकी सहा ठोके. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं कंप्रेशन म्हणजे नाक दाबून धावण्याची चाचणी. जमलं तर लीकडाउनही (सिलिंडरात हवा भरून किती टक्के गळते ते) करा. आणि टॅपेटचं अंतर (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट) बघितलंत का? सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत जातो आणि त्याची दांडी तेवढीच वर येते, अंतर कमी होतं. थंड असताना ठीक वाटतं, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही.

गंजका पाना

टॅपेट हेड बांधतानाच फीलर गेजनं बघितले होते, शिम बदलून मापात आणले. आज परत बघितले, सगळे मापात.

कंप्रेशन: ११८, १२०, ११७, ११९ पीएसआय. इंजिन चांगलं होतं तेव्हा दीडशेच्या आसपास यायचं.

लीकडाउन: ८, ९, ८, १० टक्के. कान लावून ऐकलं. तेलाच्या झाकणातून हलकी फुसफुस, थ्रॉटलमधून नाही, एक्झॉस्टमधून नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. हे करताना कटकट एवढीच झाली की पुलीची खूण टॉपला लावून हवा दिली की क्रँक फिरून जायचा. शेवटी धाकट्या भावाला लांब पाना धरून उभा केला. त्याचे दंड भरून आले, मला दोन दिवस ऐकवतोय.

अजून एक, महत्त्वाचं आहे का माहीत नाही. रात्री दहा मिनिटं आयडलवर ठेवलं होतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोचं हाऊसिंग अंधारात मंद लाल दिसलं.

काळा धूर

लाल?! आयडलवर? अहो हे पहिल्या वाक्यात सांगायचं असतं! इंजिन बंद ठेवा आता.

तेलकट बाही

१० टक्के नव्या इंजिनाला उत्तमच आहे. रिंगांची पुंगी गुंडाळून ठेवतो.

इंचपट्टी

आता गंमत बघा. लीकडाउन सांगतंय की सिलिंडर हवा धरतोय: रिंगा ठीक, व्हॉल्व्ह ठीक, गॅस्केट ठीक. कंप्रेशन सांगतंय की चारही सिलिंडर कमी आहेत, आणि तेही तंतोतंत सारखे कमी. गळत नाही, तरी भरतही नाही. म्हणजे सिलिंडरात मुळात हवाच कमी कोंडली जातेय.

असं होतं कॅम उशिरा फिरत असेल तेव्हा. पिस्टन खालून परत वर निघाला तरी इनटेकचा व्हॉल्व्ह अजून उघडा, आत घेतलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते. म्हणून कंप्रेशन कमी, म्हणून व्हॅक्यूम कमी, आणि चारही सिलिंडरांना इनटेकचा एकच कॅम असल्यामुळे काटा ठाम. एखादा व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठेक्यात खाली आपटला असता. सायलेन्सर तुंबला असता तर २५०० आरपीएमला धरल्यावर हळूहळू उतरला असता. तुमचा काटा यातलं काहीच करत नाही.

गाडी कोणत्या वळणावर चाललीय ते तुम्हाला कळलं असेलच.

गंजका पाना

कळलं, आणि मी आधीच हात जोडले होते. दोन्ही कॅमच्या खुणा एकमेकींसमोर, हेडच्या काठाशी समांतर. क्रँकची खूण शून्यावर. हातानं दोन फेरे फिरवून परत बघितलं. फोटो आहेत. लाइटसुद्धा १० अंशच दाखवतो. कॅम चुकला असता तर त्याच्या टोकाला असलेला सेन्सरही चुकला असता आणि लाइटनं लगेच पकडलं असतं, नाही का? उलट सेन्सर त्याच्या जुन्या ओरखड्यावर जसाच्या तसा बसला, फिरवावासुद्धा लागला नाही.

काळा धूर

हेडला फेसिंग केलंय ना? हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग मागे पडतं. तेच असेल.

इंचपट्टी

मागे पडतं हे खरं, पण किती? दातांतलं अंतर ८ मिलिमीटर आणि कॅमच्या चाकाला ४८ दात धरा. परीघ झाला ३८४ मिलिमीटर. फेसिंगमध्ये ०.२ मिलिमीटर गेलं तर कॅम जेमतेम ०.२ अंश हलला, क्रँकच्या हिशेबात ०.४ अंश. त्यानं साडेसहा इंच जात नाहीत. एक पूर्ण दात चुकला तर मात्र क्रँकचे १५ अंश.

जुना फिटर

सगळं वाचलं. पानासाहेब, तीन प्रश्न.

एक. लीकडाउनला हवा दिल्यावर क्रँक कोणत्या बाजूला पळायचा? चारही सिलिंडरांना एकाच बाजूला का?

दोन. क्रँकची खूण तुम्ही कुठली बघितलीत? बेल्टच्या दातेरी चाकावरची, की बाहेरच्या पुलीवरची?

तीन. त्या पुलीत मध्ये रबर आहे का?

गंजका पाना

काका, एक: हो, चारही वेळा पुढेच, इंजिन फिरतं त्याच दिशेला. दोन: पुलीवरची. दातेरी चाकावरची खूण कुठे दिसेना, काळ्या चिकट थरात झाकली होती, आणि पुलीची खूण पांढऱ्या रंगात स्वच्छ दिसत होती. म्हणून पुली तात्पुरती चढवून शून्यावर आणली, मग काढून बेल्ट टाकला. तीन: आहे. पण त्याचा काय संबंध?

जुना फिटर

पिस्टन खरोखर टॉपला असेल तर हवेचा जोर सरळ खाली क्रँकच्या मध्यावर येतो. बऱ्याचदा तो जागीच राहतो, आणि हललाच तर कधी पुढे, कधी मागे. तुमचा दर वेळी पुढेच पळाला. म्हणजे पिस्टन टॉप ओलांडून खाली निघालेला होता, आणि खूण मात्र म्हणत होती टॉप.

ती पुली दोन तुकड्यांची असते. आतला गाभा क्रँकला किल्लीनं बसलेला, बाहेरचं जड कडं रबरानं गाभ्याला धरलेलं. खूण बाहेरच्या कड्यावर. रबर म्हातारं झालं, किंवा पुढचं ऑईल सील पाझरून तेलानं फुगलं, की कडं गाभ्यावर सरकतं. डोळ्यांना काही कळत नाही.

प्लगच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून टॉप शोधू नका. टॉपच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच अंश पिस्टन इतका कमी हलतो की हाताला समजत नाही. एखाद्या जुन्या प्लगचं चिनी मातीचं काढून त्यात आटे पाडा, गोल टोकाचा बोल्ट बसवा, तो पहिल्या सिलिंडरला लावा. बाकीचे तीन प्लग काढा. हातानं, अगदी हळू, एका दिशेला फिरवत टेकेपर्यंत जा, पुलीवर खूण करा. मग उलट दिशेनं टेकेपर्यंत, दुसरी खूण. खरा टॉप दोन्हींच्या बरोबर मध्ये. जोर करायचा नाही, सेल्फला तर हातसुद्धा लावायचा नाही, पिस्टनला भोक पडेल.

गंजका पाना

काका, काय लिहू.

डिग्री व्हील (अंशांची चकती) नव्हतं, म्हणून पुलीवर कागदाची पट्टी गुंडाळून चिकटवली. पुलीचा परीघ ४७१ मिलिमीटर. पुढच्या दिशेनं जाताना खुणेच्या ६८ मिलिमीटर आधीच बोल्टाला टेकला. उलट्या दिशेनं येताना खुणेनंतर ३१ मिलिमीटरवर टेकला. दोन्ही सारखे यायला हवे होते. मध्य काढला तर खरा टॉप खुणेच्या साडेअठरा मिलिमीटर आधी. म्हणजे १४ अंश.

विश्वास बसेना, पट्टी काढून परत लावली. तेवढंच.

मग पुली काढली, थिनर आणि दातांच्या ब्रशनं दातेरी चाक घासलं. सुईच्या टोकाएवढा ठिपका निघाला. पहिला सिलिंडर खऱ्या टॉपला आणला की तो ठिपका तेलपंपावरच्या बाणासमोर येतो, आणि कॅम मात्र एक दात मागे.

इंचपट्टी

आणि म्हणूनच लाइटनं पकडलं नाही! कॅम ज्या खोट्या खुणेवर बसवला, लाइटही तीच खोटी खूण बघत होता. लाइटला दिसत होतं १० अंश आधी, प्रत्यक्षात स्पार्क पडत होता टॉपनंतर ४ अंशांनी. सेन्सर जुन्या ओरखड्यावर बसला कारण कॅम आणि खूण दोघंही सारखेच चुकले होते. लाल मॅनिफोल्डचंही उत्तर मिळालं, उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जाऊनही जळत होतं. इतक्या उशिरा पेटलं तर जोर निघत नाही, मग आयडल धरायला कंट्रोलर जास्त हवा सोडतो. व्हॅक्यूमला दोन्हीकडून मार.

तेलकट बाही

म्हणजे 'बेल्ट बघा' हेच उत्तर होतं.

गंजका पाना

मारा टोमणे, हक्क आहे तुमचा.

गंजका पाना

अपडेट. बेल्ट दातेरी चाकाच्या ठिपक्यावर लावला. टेन्शनरची पिन काढून हातानं सहा फेरे, दोन्ही कॅमच्या खुणा पुन्हा तपासल्या. व्हॉल्व्ह कुठे अडला नाही. खऱ्या टॉपची नवी खूण पुलीवर पिवळ्या रंगानं केली आणि तीवर लाइट धरून इग्निशन १० अंश लावलं, सेन्सर थोडासाच फिरवावा लागला.

कंप्रेशन: १४९, १५१, १४८, १५०.

आयडलला मॅप ३८. गेज साडेअठरा. ब्रेकचं पेडल पहिल्यासारखं मऊ. दहा मिनिटांनी दिवा मालवून बघितलं, मॅनिफोल्ड काळाच.

काळा धूर

वा! पण बूस्टवर लगेच जाऊ नका. त्या लाल झालेल्या दिवसांत टर्बोचं तेल भाजलं असेल. तेल आणि फिल्टर बदला, तेलाची परतीची नळी उघडून आत काजळी बघा.

जुना फिटर

ती पुली पिवळ्या रंगावर चालवू नका. जे कडं एकदा सरकलं ते पुन्हा सरकेल, आणि कधी सुटून बाहेर आलं तर बेल्ट आणि रेडिएटर दोन्ही घेऊन जाईल. नवी बसवा. नवी बसवल्यावर बोल्टाची तीच चाचणी परत करा, आणि कडं ते गाभा अशी एक सरळ रेघ ओढून ठेवा.

गंजका पाना

नवी पुली बसवली. दोन्हीकडून ४९ मिलिमीटर, खूण बरोबर मध्यावर. रेघही ओढली. पुढचं ऑईल सील बदललं, जुन्याची कड कडक होऊन चिरली होती. तेल काढलं, नळीत काजळी नाही.

जुनी पुली बाकावर पकडीत धरून लांब पान्यानं कडं पिळून बघितलं, चिकटलेल्या झाकणासारखं कुरकुरत सरकलं. धाकट्याला दाखवली. तो म्हणाला, म्हणजे मी दोन दिवस या कड्यापायी पाना धरून उभा होतो.